अडलेली सर्क्लिप आणि पकडीची दोन टोकं

रोटाव्हेटरच्या पीटीओ शाफ्टचा क्रॉस बदलणं हे काम सांगायला सोपं आहे. चार कप काढायचे, झिजलेला क्रॉस बाहेर घ्यायचा, नवा आत घालायचा, कप परत बसवायचे. दुपार जाते ती या कपांना जागेवर धरून ठेवणाऱ्या सर्क्लिपा काढण्यात. माती, सुकलेलं ग्रीस आणि गंज यांच्या थराखाली खाचेत रुतलेलं ते पोलादी कडं पकडीला दाद देत नाही. टोकं भोकातून सटकतात, मग स्क्रू ड्रायव्हर येतो, त्याच्यामागून हातोडी येते आणि थोड्या वेळाने कुणीतरी आणखी मोठी हातोडी शोधायला जातं. गॅरेजमधला नेहमीचा निष्कर्ष असा की कडं फार कडक आहे आणि आपला जोर कमी पडतोय. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो. जाड, जडकामाची सर्क्लिप निघत नाही तेव्हा तिचा हट्ट साधारणपणे दोन ठिकाणी असतो: एक म्हणजे तिच्यावर बाजूने पडलेला दाब आणि भोवती साचलेला गंज, आणि दुसरं म्हणजे पकडीचं टोक व कानातलं भोक यांचं न जमलेलं माप. हाताच्या ताकदीचा नंबर त्यानंतर लागतो. ‘योग्य हत्यार कोणतं’ या प्रश्नाचं उत्तर दुकानातल्या सर्वांत मोठ्या पकडीत शोधलं जातं आणि तिथेच काम बिघडायला सुरुवात होते.

सर्क्लिप म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाचं, एका जागी तोडलेलं कडं. शाफ्टवर बसणारी सर्क्लिप खाचेला बाहेरून आवळून धरते, ती काढायला फाकवावी लागते. बोअरच्या आत बसणारी खाचेत बाहेरच्या दिशेने फुगून राहते, ती काढायला मिटवावी लागते. पहिल्या प्रकाराचं जर्मन मानक डीआयएन ४७१, दुसऱ्याचं डीआयएन ४७२. आपल्याकडे यासाठी आयएस ३०७५ आहे. युरोपात बऱ्याच ठिकाणी हिला सीगर रिंग म्हणतात, आपल्याकडच्या मिस्त्रींच्या तोंडी सर्क्लिप किंवा नुसतं ‘लॉक’. कड्याच्या दोन टोकांना रुंद कान असतात आणि त्यांत भोकं, पकडीची टोकं अडकवायला. नीट पाहिलं तर कड्याची रुंदी सगळीकडे सारखी नसते. कानांच्या समोरच्या बाजूला ती जास्त आणि कानांकडे येताना कमी होत जाते. हे शोभेसाठी नाही. रुंदी सारखी ठेवली तर कडं फाकवल्यावर अंडाकृती होईल आणि एकाच जागी वाकेल. अशी निमुळती ठेवली की ते फाकतानाही गोल राहतं आणि ताण सगळीकडे वाटला जातो.

याच मानकांमध्ये त्याच शाफ्टसाठी नेहमीची आणि जड अशा दोन जाडीच्या सर्क्लिपा दिलेल्या आहेत. २५ मिलिमीटर शाफ्टची नेहमीची सर्क्लिप १.२ मिलिमीटर जाड असते, जड २ मिलिमीटर. ५० मिलिमीटरला नेहमीची २, जड ३. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण जोराचा हिशेब निराळा आहे. कडं त्याच्याच पातळीत वाकवायचं तर लागणारा जोर जाडीच्या प्रमाणात वाढतो आणि रुंदीच्या मात्र घनाच्या प्रमाणात. जाडी दीडपट आणि रुंदी फक्त २० टक्क्यांनी जास्त धरली, तरी जोर १.५ गुणिले १.७३, म्हणजे अडीचपटीहून अधिक लागतो. इथे वाचक म्हणेल की मग जोराचाच प्रश्न झाला ना? झाला, पण अर्धाच. अडीचपट जोर हाताला जड नाही. लांब मुठींची पकड तो सहज देते. तो जोर ज्या दोन बारीक टोकांतून कड्याच्या कानापर्यंत जायचा आहे, त्यांना तो पेलतो का हा खरा प्रश्न आहे.

त्याआधी कडं किती फाकवावं लागतं ते पाहू, कारण तिथेही अंदाज चुकतो. ५० मिलिमीटर शाफ्टवरच्या खाचेचा व्यास ४७ मिलिमीटर असतो. म्हणजे खाचेतून शाफ्टवर चढायला कड्याचा आतला व्यास ३ मिलिमीटरने वाढायला हवा. व्यास ३ ने वाढला की परीघ ३ गुणिले ३.१४, म्हणजे जवळजवळ साडेनऊ मिलिमीटरने वाढतो, आणि ही सगळी वाढ त्या एका तुटक जागीच दिसते. दोन कानांमधलं अंतर साडेनऊ मिलिमीटरने वाढल्याशिवाय कडं सुटणार नाही. बोअरचंही तसंच. ६३०५ किंवा ६२०६ क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर. त्या बोअरमधली खाच ६५ मिलिमीटरची, म्हणजे कान तेवढेच जवळ आणावे लागतात. चार-पाच मिलिमीटर फाकवून ‘हलत नाही’ म्हणणारा माणूस निम्म्या वाटेवरून परत फिरलेला असतो. आता खाचेची रुंदी पाहा: २ मिलिमीटर जाडीच्या कड्याला खाच २.१५ मिलिमीटरची. दोन्ही बाजूंची मिळून मोकळी जागा ०.१५ मिलिमीटर. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे ही फट भरायला एखादा पावसाळा पुरतो.

आता पहिल्या हट्टाकडे येऊ, बाजूच्या दाबाकडे. सर्क्लिपचं काम बेअरिंग, कप किंवा गियर सरकू न देणं हे आहे आणि ५० मिलिमीटरची एखादी सर्क्लिप हिशेबाने काही टनांचा बाजूचा रेटा सहन करते. हा रेटा तिला खाचेच्या भिंतीवर दाबून धरतो. यंत्र थांबलं म्हणून तो रेटा जातोच असं नाही. क्रॉसचा कप योकमध्ये, म्हणजे शाफ्टच्या दुबेळक्या टोकात, घट्ट बसवलेला असतो. चालता चालता तो बाहेरच्या बाजूला सरकून कड्याला टेकून राहिलेला असतो. अशा वेळी कडं कितीही जोराने मिटवलं तरी कप आणि खाचेची भिंत यांच्यामध्ये ते चिमटलेलं असतं आणि घर्षणाने अडून बसतं. इथे लागणारं हत्यार पकड नाही, पितळी रॉड आणि हलकी हातोडी हे आहे. योकला खालून पक्का आधार द्यायचा, कपाच्या तोंडावर रॉड ठेवायचा आणि एक-दोन नेमके टोले मारून कप आतल्या बाजूला अगदी थोडा, केसभर, सरकवायचा. कडं चिमट्यातून मोकळं होतं. बऱ्याचदा टोल्यासरशी गंजाची धूळ उडते, आणि मग आधी सटकणारी तीच पकड काम करते. पितळ का? कारण पोलादी पंच कपाला चरे पाडतो, चुकून कड्यावर घसरला तर त्याचं टोक किंवा कडं तडकून उडू शकतं. पितळ मऊ असल्याने मार स्वतःवर घेतं.

चाकाच्या बेअरिंगला हाच नियम लागू होतो. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या अनेक गाड्यांत पुढचं बेअरिंग स्टिअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं आणि बोअरमध्ये एक जाड सर्क्लिप त्याला अडवते. रस्त्यावरचा चिखल आणि पाणी थेट तिथे येतं. नकल प्रेसखाली घेऊन बेअरिंग कड्यापासून लांब, किंचित मागे रेटलं की बाजूचा दाब जातो. सगळ्यांत काळजी घ्यावी लागते ती कड्यामागे दाबलेली स्प्रिंग असेल तेव्हा, जशी ऑटोमॅटिक गियरबॉक्सच्या क्लच ड्रममध्ये असते. तिथे स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर आधी लावावाच लागतो. त्याशिवाय कडं सोडणं म्हणजे स्प्रिंगची सगळी साठलेली ताकद समोरच्या माणसावर सोडणं. हायड्रॉलिक सिलिंडरमध्येही ग्लँड आधी आत ढकलून मगच कडं काढतात, आणि त्याआधी लाइनमधला दाब पूर्ण सोडलेला असावा लागतो. थोडक्यात, ‘सर्क्लिप काढायचं हत्यार’ हे अनेकदा पकडीच्या रूपात येतच नाही.

गंजाचं प्रकरण जास्त संयमाचं आहे, पण लवकर सांगून होतं. आधी खाच दिसली पाहिजे. तारेचा ब्रश, टोकदार हूक, एअर कॉम्प्रेसरची हवा, काहीही चालेल; पण कानातली भोकं मात्र वेगळी साफ करायला हवीत, कारण भोकाच्या तळाशी साचलेली माती पकडीचं टोक पूर्ण आत जाऊ देत नाही. जुनं ड्रिल बिट हाताने फिरवून ती निघते. मग गंज सोडवणारं तेल. बाजारातला स्प्रे उत्तम. नुसतं डिझेल वापरणारेही आहेत, ते हळू काम करतं पण करतं. तेल टाकून लगेच पकड लावली तर तेल टाकलंच कशाला, असं विचारावं लागेल. रात्रभर ठेवता आलं तर फार बरं. त्यानंतर कडं फाकवण्याआधी ते खाचेत फिरवून पाहायचं: कानाच्या बाजूवर पितळी रॉड टेकवून हलके टोले, एकदा इकडून, एकदा तिकडून. कडं दोन-तीन मिलिमीटर फिरलं म्हणजे गंजाची पकड सुटली, असं समजायला हरकत नाही. गॅसची ज्योत लावण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. भोवतालचा भाग मध्यम तापवणं उपयोगी पडतं, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये तर विशेष, कारण ते पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. पण जवळ ऑइल सील असेल तर तो जळतो, सांडलेलं तेल पेट घेऊ शकतं, आणि कडंच लाल केलं तर त्याचं पाणी उतरतं. ते मऊ होतं आणि पुन्हा वापरण्याच्या लायकीचं राहत नाही.

एवढं झाल्यावर पकडीचा विचार. पहिली निवड सरळ आहे: बाहेरच्या सर्क्लिपला मूठ दाबल्यावर उघडणारी पकड, आतल्या सर्क्लिपला मूठ दाबल्यावर मिटणारी. दुसरी निवड टोकाच्या जाडीची, आणि बहुतेक फसगत इथेच होते. चांगल्या कंपन्यांच्या पकडी साधारण ठरलेल्या मापांत येतात: १० ते २५ मिलिमीटरच्या कड्यांसाठी १.३ मिलिमीटर जाडीची टोकं, १९ ते ६० साठी १.८, ४० ते १०० साठी २.३ आणि ८५ ते १४० साठी ३.२. ही मापं एकमेकांवर चढलेली आहेत. ५० मिलिमीटरची सर्क्लिप दोन पकडींच्या टप्प्यात येते, १.८ च्याही आणि २.३ च्याही. हातात जी आहे ती ‘१९ ते ६०’ म्हणते, म्हणजे चालेल, असं वाटतं. नेहमीच्या पातळ सर्क्लिपला ती चालतेही. जड सर्क्लिपला नाही.

कारण हिशेबात आहे. बारीक गोल टोक वाकायला किती विरोध करतं हे त्याच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतं. २.३ भागिले १.८ म्हणजे सुमारे १.२८, आणि त्याचा घन २.०९. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने टोक दुपटीहून थोडं जास्त मजबूत होतं. समजा एका टोकावर ५० किलोचा जोर आला आणि तो टोकाच्या बुडापासून २ मिलिमीटरवर लागला. २.३ मिलिमीटरच्या टोकात साधारण ८४० मेगापास्कल ताण येतो, १.८ मिलिमीटरच्या टोकात साधारण १७५०. साधं लोखंड २५० मेगापास्कलच्या आसपासच कायमचं वाकायला लागतं, म्हणजे स्वस्त, कडक न केलेलं टोक दोन्हींत वाकणार. नीट कडक केलेलं टोक पहिला ताण आरामात झेलतं आणि दुसऱ्याच्या वेळी तुटण्याच्या उंबरठ्यावर येतं. मुठी लांब असल्या तर हा धोका कमी होत नाही, उलट वाढतो; लांब मुठी टोकावर जास्त जोर आणतात आणि टोक तेवढंच राहतं. म्हणून ‘मोठी पकड आणा’ हा सल्ला अपुरा आहे. ‘जाड टोकाची आणा, भोकात जाईल तेवढ्या जाड टोकाची’ असं म्हणायला हवं. ५० मिलिमीटर सर्क्लिपच्या कानातलं भोक सुमारे अडीच मिलिमीटर असतं, २.३ चं टोक त्यात जवळजवळ भरून बसतं, १.८ चं टोक कलतं, भोकाच्या काठावर एकाच बिंदूवर टेकतं आणि तिथून सटकतं.

सटकण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते पकडीच्या सांध्यात दडलेलं आहे. पकडीचे दोन्ही जबडे एका खिळ्याभोवती फिरतात, त्यामुळे टोकं सरळ रेषेत लांब जात नाहीत, कलत जातात. खिळ्यापासून टोक ५० मिलिमीटरवर असेल आणि कान साडेनऊ मिलिमीटर दूर करायचे असतील, तर प्रत्येक जबडा पाच अंशांहून थोडा जास्त फिरतो. बाहेरच्या सर्क्लिपला हे फिरणं उपकारक ठरतं: टोकं बाहेरच्या बाजूला फाकतात, कान आत मिटायला बघतात आणि त्यामुळे कडं टोकांच्या बुडाकडे सरकतं, सुटत नाही. पण जबडे लवचीक असले तर जोराखाली ते वाकतात, टोकं पुन्हा आत कलतात आणि कडं टोकावरून घसरून उडतं. आतल्या सर्क्लिपला उलटं: कान बाहेर फुगायला बघत असतात, म्हणून जोर आल्यावर टोकं आत कललेली हवीत. चांगल्या पकडीच्या टोकांना मुळातच असा योग्य बाजूचा कल दिलेला असतो. ती महाग का, याच्या उत्तरात हा कल, टोकाचं कडक केलेलं पोलाद आणि न वाकणारा जबडा या तीन गोष्टी येतात. मुठीवरच्या रंगीत प्लास्टिकचा त्यात फार वाटा नसावा.

यावरून दोन नेहमीच्या खरेदींविषयी मत बनवता येतं. चार-पाच बदलत्या टोकांचा एकच संच, जो आतलं-बाहेरचं दोन्ही काम करतो, तो घरगुती दुरुस्तीला, पंप-मिक्सरला ठीक आहे. जड सर्क्लिपला तो नको, कारण बदलतं टोक स्क्रूने किंवा खोबणीत धरलेलं असतं आणि नेमकं तिथेच ढिलं असतं. जोर आला की टोक न वाकता आख्खं फिरतं. दुसरी खरेदी ९० अंशांत वाकलेल्या टोकांची. खोल किंवा अडचणीच्या जागी तिला पर्याय नाही. पण सरळ पकड जाऊ शकते तिथे वाकडी लावली तर जोराची रेषा मुठीच्या रेषेतून बाहेर जाते आणि मनगट जरा कललं तरी टोकं पिळवटतात. मोठ्या, शंभराच्या पुढच्या कड्यांसाठी दातेरी अडकण असलेल्या पकडी मिळतात. एकदा फाकवलं की अडकण ते तसंच धरून ठेवते आणि दुसरा हात मोकळा राहतो. ज्यांच्याकडे अशी कामं रोज येतात त्यांनी यावर पैसे घालावेत. बाकीच्यांनी आपल्या नेहमीच्या एक-दोन मापांची, एका तुकड्यात घडवलेली पकड घ्यावी. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या तपारियासारख्या देशी कंपन्यांच्या सर्क्लिप पकडी गावोगावच्या हार्डवेअर दुकानांत दिसतात. दुकानात पकड हातात घेऊन टोकाची जाडी व्हर्नियरने मोजून घेण्यात लाजण्यासारखं काही नाही.

मात्र सगळ्या कड्यांना भोकं नसतात, आणि इथे पकडींविषयीचं बरंचसं ज्ञान निरुपयोगी ठरतं. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या गियरबॉक्समध्ये बेअरिंगच्या बाहेरच्या बाजूला किंवा शाफ्टवर जी जाड स्नॅप रिंग असते, तिची टोकं नुसती सपाट किंवा तिरकी कापलेली असतात. तिला सर्क्लिप पकड लावणं म्हणजे कुलूप नसलेल्या दाराला किल्ली लावणं. तिच्यासाठी लॉक रिंग पकड वेगळी येते. टोकं चपटी आणि त्यांच्या बाहेरच्या बाजूला दाते. ती टोकं रिंगच्या फटीत घालून फाकवायची. दाते घासलेले असतील किंवा रिंगची टोकं पूर्वीच्या हातोडीने गोल झाली असतील, तर ती घसरतेच. इथे दुसऱ्या माणसाची गरज लागते आणि तीच खरी युक्ती आहे: एकाने फट जमेल तितकी उघडून धरायची, दुसऱ्याने रिंगच्या मागे पातळ स्क्रू ड्रायव्हर किंवा पोलादी पट्टी सरकवून एक टोक खाचेच्या काठावर चढवायचं. एकदा एक टोक वर आलं की पट्टी रिंगच्या मागून हळूहळू पुढे नेत बाकीची रिंग सोलत काढता येते. एका झटक्यात सगळी रिंग उघडायची गरजच उरत नाही, म्हणून जोरही कमी लागतो. गोल तारेची रिंग आणि दोन-तीन फेऱ्यांची वेटोळी रिंग यांना तर पकडच लागत नाही. वेटोळ्या रिंगचं टोक खाचेतून उचलायचं आणि उलगडत बाहेर घ्यायचं.

म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने काढणारे मिस्त्री चुकीचे नाहीत, असंच सिद्ध झालं की, असा आक्षेप कुणी घेईल. अंशतः बरोबर आहे. जी रिंग मुळातच टोक उचलून काढायची आहे, तिथे स्क्रू ड्रायव्हर हेच योग्य हत्यार. आक्षेपाची जास्त धारदार बाजू अशी: वर्षानुवर्षं हजारो सर्क्लिपा दोन स्क्रू ड्रायव्हर आणि एक हातोडी यांनी निघाल्या आहेत, गाड्या चालल्या आहेत, मग हा सगळा खटाटोप कशाला? याला उत्तर नुकसानीच्या हिशेबात आहे. भोकांच्या सर्क्लिपला स्क्रू ड्रायव्हरने उपसताना टेकू म्हणून खाचेचा काठ वापरला जातो. तो काठ दबला, त्याला खोच पडली, तर नव्या सर्क्लिपला टेकायला भिंत पूर्ण मिळत नाही. ५० मिलिमीटर शाफ्टवर खाचेची भिंत मुळात दीड मिलिमीटर उंच. आणि बहुतेक वेळा कडं तुटण्याआधी ही भिंतच हार मानते, कारण शाफ्टचं पोलाद कड्यापेक्षा मऊ असतं. हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये हाच चरा ओ-रिंगच्या वाटेत आला तर ती बसवतानाच कापली जाते आणि गळती सुरू होते. गाडी त्या दिवशी चालते हे खरं. बिघाड पुढच्या हंगामात येतो आणि तेव्हा त्याचा संबंध या स्क्रू ड्रायव्हरशी कुणी जोडत नाही.

पैशाचा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे. रस्त्याकडेच्या गॅरेजला प्रत्येक मापाची पकड परवडत नाही, आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या कामासाठी ती घ्यावी असं सांगणं पुस्तकी ठरेल. पण वरचा हिशेब पटला असेल तर स्वतः हत्यार बनवण्याचा मार्गही त्यातूनच दिसतो. जुन्या, जाड जबड्याच्या चांगल्या पकडीची टोकं ग्राइंडरवर भोकाच्या मापाला घासून घेता येतात. घासताना दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवायची, नाहीतर टोकाचं पाणी उतरून ते मऊ होतं. टोक भोकात भरून बसतं का, कानाच्या पूर्ण जाडीइतकं आत जातं का, आणि ५० मिलिमीटरच्या कड्याला लागणारी साडेनऊ-दहा मिलिमीटर चाल मिळते का, एवढं तपासलं की घरचं हत्यार दुकानातल्या चुकीच्या मापाच्या हत्यारापेक्षा सरस ठरतं. पकडीच्या मुठींवर पाइप चढवून लांबी वाढवणं मात्र जुगाडाच्या नावाखालीही नको. टोकाची मर्यादा मघाशी पाहिली आहे आणि तुटलेलं कडक टोक डोळ्याच्या दिशेने उडतं. संरक्षक गॉगल आणि कड्यावर टाकलेलं जाड फडकं यांना काही खर्च नाही. फाकवलेलं कडं म्हणजे ताणलेली स्प्रिंग आहे, त्यामुळे तोंड त्याच्या समोरून बाजूला ठेवलेलं बरं.

उरला तो वाईट प्रसंग, कान तुटलेल्या सर्क्लिपचा. आता पकड धरणार कुठे? कडं फिरत असेल तर अजून आशा असते: तुटलेलं टोक खाचेतल्या मोकळ्या जागी आणून त्याच्याखाली टोकदार हूक घालता येतो आणि मग पट्टीची सोलण्याची युक्ती चालते. फिरत नसेल तर कापणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे, आणि त्याला कमीपणा मानू नये. कड्याचं पोलाद इतकं कडक असतं की हॅकसॉचं पान त्यावर लवकर बोथट होतं आणि साधं ड्रिल घसरतं. छोट्या घासचाकाचा डाय ग्राइंडर लागतो. कानाच्या समोरच्या रुंद जागी घासून कडं जवळजवळ आरपार न्यायचं, शेवटचा पातळ पापुद्रा छन्नीच्या एका टोल्याने तोडायचा. तो पापुद्रा राखला नाही तर चाक खाचेच्या तळात उतरतं आणि शाफ्टला जी चीर पडते ती पुढे फिरत्या भाराखाली तडा होऊ शकते. बेअरिंग वाचवायचं असेल तर घासण्याआधी त्याचं तोंड ओल्या फडक्याने झाकायला हवं. घासचाकाची कणी बेअरिंगमध्ये गेली तर ते बेअरिंग गेलंच.

काढलेली सर्क्लिप परत वापरायची का, यावर मिस्त्रींमध्ये मतभेद आहेत. नव्या सर्क्लिपची किंमत बेअरिंगच्या तुलनेत इतकी कमी असते की जड कामात जुनी परत घालण्याला फारसं समर्थन उरत नाही, विशेषतः ती गरजेपेक्षा जास्त फाकवली गेली असेल तर. अशी सर्क्लिप मूळच्या आकारात परत येत नाही आणि खाचेत सैल बसते. खाचेत बोटाने सहज फिरली की समजावं. जास्त फाकू नये म्हणून काही पकडींत मर्यादा ठरवणारा स्क्रू असतो, त्याचा उपयोग काढताना कमी आणि बसवताना जास्त. बसवताना आणखी एक गोष्ट पाहावी. सर्क्लिप पत्र्यातून ठोकून कापलेली असते, त्यामुळे तिची एक कड किंचित गोल असते आणि दुसरी धारदार. धारदार कड खाचेच्या भिंतीकडे, म्हणजे बेअरिंग किंवा कप ज्या बाजूने रेटा देतो त्याच्या उलट बाजूला, ठेवायची. उलटी बसली तर गोल कड भिंतीवर चढू पाहते आणि बाजूचा रेटा सहन करण्याची तिची ताकद घटते. कडं खाचेत पडताना ‘टक’ असा आवाज येतो. तो आला तरी स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कडेकडेने फिरून ते सगळीकडे खाचेच्या तळाशी गेलं आहे का हे तपासावं, कारण तळाशी राहिलेला मातीचा एखादा कण त्याला एका बाजूने वर उचलून धरू शकतो.